सोमलाचं वर्ष

१

सोमवारी सकाळी मी ते कपाट तीन वेळा उघडलं आणि तीन वेळा बंद केलं. जणू दार नीट लावून पुन्हा उघडलं की बरणी मुकाट्यानं आपल्या जागी येऊन बसणार होती.

बरणी क्रमांक दोनशे सतरा. मागची ओळ, डावीकडून सहावी. तिथे आता धुळीत एक वाटोळी स्वच्छ जागा होती, बस्स.

आमच्या प्रयोगशाळेत अपघातात गेलेल्या किंवा विषाचा संशय असलेल्या मृतांच्या पोटातले तुकडे मिठाच्या पाण्यात घालून येतात. अर्धे तपासायचे, अर्धे मोहोर लावून ठेवून द्यायचे, पुढेमागे कुणी विचारलं तर असावेत म्हणून. सहसा कुणी विचारत नाही. दोनशे सतराबद्दल मात्र कोर्टानं एकतीस वर्षांनी विचारलं होतं. शुक्रवारी ती कोर्टासमोर उघडून पुन्हा तपासायची होती.

मी इथली नोंदणी बघते. रसायनशास्त्र शिकलेली नाही, पण चोवीस वर्षं अहवाल टाइप केले की थोडं अंगाला लागतंच. कपाटाची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी साहेबांकडे. तेव्हा घाम कुणाला फुटला असेल ते वेगळं सांगायला नको.

तेवढ्यात खिडकीशी ती मुलगी आली. मुलगी म्हणजे आता अडतीस वर्षांची बाई, पण तिच्या अर्जावर "आरोपीची मुलगी" असं होतं आणि आम्ही सगळे तिला तेच म्हणायचो. तिची आई परिचारिका. एका एकट्या म्हाताऱ्याला तिनं सात वर्षं सांभाळलं. तो गेला, पोटात सोमल, म्हणजे आर्सेनिक, सापडला, आणि थोडं थोडं विष देऊन मारलं म्हणून तिला जन्मठेप झाली. वीस वर्षं भोगून ती बाहेर आली होती.

"ताई, शुक्रवारचं नक्की ना?" मुलीनं विचारलं. "डॉक्टर म्हणतात महिना, फार तर दीड महिना. आईचं हृदय थकलंय. तिला सुटका नकोय हो, ती सुटलीय. तिला फक्त कागद हवाय, की हे तिनं केलेलं नाही."

"नक्की," मी म्हटलं.

ती गेल्यावर मी दिवा घेऊन पुन्हा कपाटात डोकं घातलं. तेव्हा दिसलं. दोनशे सोळा आणि दोनशे अठरा, दोन्ही शेजारणींच्या तोंडावर चिकटवलेल्या कागदाची बोटभर पट्टी कुणीतरी कापून नेली होती. फूटपट्टी लावल्यासारखी सरळ.

चोरानं एक बरणी नेली हे मला समजत होतं. उरलेल्या दोघींचा कागद त्याला कशाला हवा होता?

२

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं:

"कोर्टाचा आदेश एकाच बरणीचा होता ना? एकाच."

"हो, आणि तीच गेली."

"झालं तर. बाकीच्यांना कुणी हात लावायचा नाही."

बाकीच्यांचं मी नावही काढलं नव्हतं. पट्ट्यांचं सांगायचं जिभेवर आलेलं मी गिळून टाकलं.

"दोन दिवस पोलिसांना नको," साहेब म्हणाले. "बाईंचं पुस्तक छापायला जायचंय. तुम्हीच बघा, ताई. गुरुवारी कपाट उघडलं तेव्हा होतो त्या सगळ्यांना तुम्ही ओळखता."

"सगळे म्हणजे चौघं, साहेब. त्यात एक मी आणि एक तुम्ही."

ते हसले नाहीत. एरवी माझ्या अशा बोलण्यावर हसतात.

गुरुवारी कपाट उघडलं ते फोटोसाठी. ही प्रयोगशाळा उभी करणाऱ्या मोठ्या बाईंचं चरित्र प्रयोगशाळा काढणार होती, आणि बाई आपल्या बरण्यांपाशी उभ्या आहेत असं मुखपृष्ठ साहेबांना हवं होतं. साहेबांनीच फोटो काढल्यावर आम्ही त्यांच्या खोलीत चहाला गेलो. "माझे गुडघे इथेच बरे," म्हणून बाई कपाटापाशी खुर्चीत बसून राहिल्या. जुने भांडारी बरणीकाका त्यांना चहा नेऊन देऊन आले. शेवटी साहेब स्वतः जाऊन कुलूप लावून आले. म्हणजे मी सोडून तिघंही माझ्या नजरेआड कपाटाजवळ होते. आणि माझ्याकडे किल्लीच होती, तेव्हा मीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हते.

चरित्र टाइप मीच करत होते. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी बाईंनी शवागारामागच्या एका खोलीत, एक खिडकी आणि एका स्पिरिटच्या दिव्यावर काम सुरू केलं. तोवर विष "दिसत होतं" किंवा "दिसत नव्हतं", एवढंच. बाईंनी अशी रीत बसवली की मोहरीच्या दाण्याचा शंभरावा भाग सोमल असला तरी काचेच्या नळीत काळा चकचकीत डाग पडावा. पहिल्याच खटल्यात न्यायाधीशांनी विचारलं होतं, बाईमाणसाला हा वास सहन होतो का? त्या म्हणाल्या, "मेलेल्यांचा होतो."

दरवेळी आधी कोरी चाचणी करायची, म्हणजे नुसतं जस्त आणि नुसतं आम्ल घेऊन त्यांत काही नाही याची खात्री करायची, ही शिस्त त्यांचीच. आणि संशयित नमुन्याबरोबर त्याच्या शेजारचाही ताडून बघायचा, हीसुद्धा, पण ती बरीच पुढे घातलेली.

चरित्राच्या नवव्या प्रकरणाला साहेबांनी नाव दिलं होतं "सोमलाचं वर्ष". त्या एका वर्षात बाईंनी सोमलाचे नऊ खून उघडकीला आणले. पुढच्या वर्षी एक. त्याच्या पुढच्या वर्षी एकही नाही. "विष देणाऱ्यांनी बाईंचा धसका घेतला," असं साहेबांचं वाक्य. परिचारिकेचा खटला त्या नवातलाच. तिनं भर कोर्टात विचारलं होतं, "बाई, बरणी तपासली होती का?" आणि बाई म्हणाल्या होत्या, "आमच्या बरण्या आम्ही उकळून घेतो. तुम्ही त्यांच्या दुधाचा पेला उकळत होता का?" कोर्ट हसलं, असं नोंदीत आहे. टाइप करताना मीही हसले होते.

त्या दुपारी ते पान पुन्हा काढून बसले, पण हसू काही आलं नाही. एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. बरणी नाहीशी करायची असती तर चोर ती उचलून चालता झाला असता. शेजारणींचे कागद कापणाऱ्याला काही संपवायचं नव्हतं, त्याला काहीतरी ताडून बघायचं होतं.

३

बरणीकाका निवृत्त होऊन वीस वर्षं झाली, पण रोज दहाच्या ठोक्याला फाटकाजवळच्या बाकावर येऊन बसतात. घरी सुनेला वाटतं हे अजून कामावर जातात. काकांनाही थोडं तसंच वाटतं.

"काका, गुरुवारी बाईंना चहा दिलात तेव्हा त्या काय करत होत्या?"

"बसल्या होत्या. मांडीवर ती कापडी पिशवी. मला म्हणाल्या, तुझी चिठ्ठी अजून जशीच्या तशी आहे रे." काकांची छाती फुगली. "आहेच! तुमच्या हल्लीच्या बरण्या बघ. नंबर वाचता येतोय का? निम्मी अक्षरं झुरळांच्या पोटात."

खरं होतं ते. पुढच्या ओळीतल्या नव्या बरण्यांच्या चिठ्ठ्यांची चाळण झालेली, आणि मागच्या ओळीचा कागद एकतीस वर्षांनीही कोरा करकरीत.

"काल गेलो होतो बाईंकडे," काका पुढे म्हणाले. "म्हटलं फोटो कसा आलाय विचारावं. दारातूनच परत पाठवलं. आणि घरभर हा लसणाचा वास! ज्या बाईला जन्मात लसूण चालला नाही, तिला आता या वयात डोहाळे लागले की काय?"

मला हसायला हवं होतं. पण त्या वासानं काहीतरी आठवू बघत होतं आणि आठवत नव्हतं.

"मागच्या ओळीला तोंडावर कागद कसा, काका? बाकी सगळीकडे काचेची बुचं आहेत."

"अगं, त्या वर्षी बुचं आलीच नाहीत. वर्षभर. काम थांबवायचं का मग? मी कागद दुपदरी करून खळीनं बसवायचो. शवागारात बरण्या जायच्या, त्यांच्याबरोबर खळीचा डबाही माझाच. बाईंनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली होती मला. तुझ्या त्या पुस्तकातपण आहे म्हणे."

होतं. नवव्या प्रकरणातच, एकाच पानावर. मी स्वतः टाइप केलं होतं.

"आणि पिठाची खळ झुरळांनी खाल्ली नाही?"

"माझी खळ?" काका माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायला लागले. मग इकडेतिकडे बघून, घराण्याचा मसाला सांगावा तसे कानाशी आले. "तोंड लावलं की झुरळ जागीच आडवं. माझा मामा पुस्तकं बांधायचा, त्याची रीत. खळ उतरवताना चिमूटभर सोमल."

"काका, विषाच्या प्रयोगशाळेत? बरणीच्या तोंडाला?"

"कागद बाहेर, माल आत," ते शांतपणे म्हणाले. "आणि मला कधी कुणी विचारलं नाही. खळ कशी करतोस, हे कोण विचारतं?"

सोमल तापवला की लसणासारखा वास येतो. हे मी किती अहवालांत टाइप केलं असेल! मी उठले ती तडक चालायलाच लागले. मागून काका विचारत होते, "का गं? काही बिघडलं का?"

४

बाईंनी स्वतः दार उघडलं. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन औषधाच्या बाटल्या, वाकवलेली काचनळी, स्पिरिटचा दिवा. सगळ्या खिडक्या सताड उघड्या. आणि टेबलावर दोनशे सतरा. मोहोर शाबूत.

"मला वाटलं शनिवारीच येशील," त्या म्हणाल्या.

"शनिवारी सुट्टी होती."

"हं. बस. नळ्यांना हात लावू नकोस."

तीन नळ्या कापसावर ओळीनं ठेवल्या होत्या. एक कोरी, दोघींत काळा चकचकीत डाग.

"ही कोरी चाचणी," मी म्हटलं. "आणि या दोन पट्ट्या. सोळा आणि अठरा."

"सोळा नदीत बुडालेला माणूस. अठरा छपरावरून पडलेला गवंडी, दोघांची फक्त दारू तपासलेली. त्यांना कुणी विष घातलं होतं गं?" त्या खुर्चीत बसल्या. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई त्या क्षणी खरोखर तेवढ्या वयाच्या दिसल्या. "मिठाचं पाणी हलतं, कागदाला लागतं. खळ ओली होते, सोमल आत उतरतो. माझ्याआधीच्या कुणाला तो सापडलाही नसता. मला मोहरीच्या दाण्याचा शंभरावा भाग सापडायचा ना! कौतुक होतं त्याचं."

"तुम्हाला कळलं कधी?"

"तू प्रकरण नववं वाचायला पाठवलंस तेव्हा. एका वर्षात नऊ, मग एक, मग एकदम शून्य. माझा धसका घेतला म्हणे. लोक एवढ्या लवकर सुधारत नाहीत, अगं. मग त्याच पानावर खाली वाचलं, बुचं नव्हती म्हणून कागद. बुचं आली आणि खून थांबले. जस्त तपासलं मी, आम्ल तपासलं, बरणीसुद्धा उकळून घेतली. पण खळ भांडाऱ्याच्या डब्यातली. तिकडे मी कशाला बघते? मी मोठी शास्त्रज्ञ."

"मग साहेबांना सांगायचं."

"सांगितलं. त्याच दिवशी फोन केला. म्हटलं, एकट्या बरणीला विचारू नकोस, एकतीस वर्षांत तिच्यात सोमल पार मुरलाय, ती पुन्हा तेच सांगेल. सगळी ओळ तपास. तर म्हणतो, बाई, आदेश एकाच बरणीचा आहे. तुम्ही आता विश्रांती घ्या."

साहेबांचं ते "एकाच" आता मला कळलं. मला त्यांचा राग आला, आणि पाठोपाठ कणवही. आपल्या गुरूची चूक पुराव्यानिशी मांडायला लागणं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

"म्हणून तुम्ही ती उचललीत. शुक्रवारी पुन्हा सोमल निघाला असता आणि ती बाई कायमची दोषी ठरली असती."

"असं म्हटलं की बरं वाटतं, नाही?" बाई ओट्याकडे बघत राहिल्या. "निम्मं खरं आहे ते. उरलेलं निम्मं असं, की बरणीच नसली तर अर्ज निकालात निघेल, पुस्तक येईल, आणि मग पुढे कधीतरी, सावकाश, मी कुणाला तरी सांगेन. बरणी पिशवीत टाकताना यातला कुठला विचार मनात होता, ते चार दिवस शोधतेय. त्याची चाचणी नाही सापडली."

मग माझ्यातली नोंदणीवाली बोलली. "नोंदीशिवाय कपाटाबाहेर गेलेली बरणी कोर्टात चालत नाही, बाई."

"माझाच नियम. ती गेलीच. पण कपाटात कागदी तोंडाच्या अजून अडतीस आहेत, ज्यांना कुणी हात लावलेला नाही. त्या उघडायच्या तर कुणीतरी शपथेवर सांगायला हवं, का उघडायच्या ते."

"काकांना बोलवावं लागेल. खळ त्यांनी केली."

"प्रयोगशाळा माझी होती, तेव्हा खळ माझी," बाई कडक आवाजात म्हणाल्या. जुना आवाज. मग तो उतरला. "नऊ जण होते. तिघांनी कबुली दिली होती. उरलेल्या सहांपैकी जिवंत किती आहेत, मला माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही."

त्यांनी टेबलाला धरून उठायचा प्रयत्न केला. मी हात दिला, तो त्यांनी घेतला. चोवीस वर्षांत पहिल्यांदा.

"शुक्रवारी किती वाजता?"

५

शुक्रवारी बाई वीस मिनिटं बोलल्या. बरणी आपण चोरली, इथपासून सुरुवात केली. सरकारी वकिलानं विचारलं, वयामुळे गोंधळ होत नाही ना? त्या म्हणाल्या, "गोंधळ झाला तेव्हा मी त्रेपन्न वर्षांची होते."

कोर्टानं सगळी ओळ दुसऱ्या प्रयोगशाळेकडे पाठवली. कागदी तोंडाच्या एकूण एक बरणीत सोमल निघाला. पडलेले, बुडालेले, गाडीखाली आलेले, सगळ्यांच्यात. काकांना शेवटी जबाब द्यावाच लागला. त्यांनी खळीची कृती न अडखळता सांगितली आणि मग विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे?" त्यानंतर ते बाकावर आले नाहीत. मी दोनदा घरी जाऊन आले. सून म्हणाली, झोपलेत.

पुस्तक अर्थातच निघालं नाही. साहेबांनी नववं प्रकरण माझ्याकडून परत मागून घेतलं आणि स्वतःच्या हातानं पुन्हा लिहायला बसले. ते अजून लिहिताहेत.

पाचव्या आठवड्यात शिक्षा रद्द झाली. परिचारिकेला मुलगी चाकाच्या खुर्चीतून घेऊन आली होती. लहानखुरी बाई, अंगावर धुतलेली पांढरी शाल, मांडीवर तो कागद. बाहेरच्या लांब ओसरीत बाई तिची वाट बघत उभ्या होत्या. मी थोडी मागे.

"माझं चुकलं," बाई म्हणाल्या. आणखी बरंच ठरवून आणलं होतं. घरून येताना वाटेत मला म्हणूनही दाखवलं होतं. त्यातलं काही आलं नाही.

मुलीनं खुर्चीची मूठ घट्ट धरली होती. तिला बहुतेक आईनं बाईंना चार शब्द सुनवायला हवे होते. मलाही हवे होते.

"मग आजोबा गेले कशानं?" परिचारिकेनं विचारलं.

बाई म्हणाल्या, "माहीत नाही. आता कळायचंही नाही. त्या तुकड्यांत सोमलाशिवाय काही वाचता येत नाही."

"म्हणजे आजारच होता काहीतरी." ती हे बाईंना म्हणत नव्हती. "एकतीस वर्षं मी एवढंच घोकत होते, की मी काही दिलं नाही, मी काही दिलं नाही. मग दुसरं काय झालं असेल, ते मनातच आलं नाही कधी. सात वर्षं त्यांचं खाणंपिणं, औषधपाणी मी बघत होते, बाई. आजार होता तर मला दिसायला हवा होता."

"आई, पुरे गं आता," मुलगी रडवेली झाली. "कागद मिळाला ना? चल घरी."

पण बाई ओसरीतल्या बाकावर बसल्या होत्या. गुडघे हातानं दाबत, हळूहळू, दोघींचे डोळे एका उंचीवर येतील अशा.

"शेवटचे पंधरा दिवस सांगा," त्या म्हणाल्या. "झोप कशी होती?"

"झोप कुठली! पहाटे घामाघूम व्हायचे. दोन उशा दिल्या तरी तिसरी मागायचे."

"पायाला सूज?"

"होती. डाव्या जास्त." परिचारिकेनं डोळे बारीक केले. "नाही, थांबा. आधी उजव्या. मंगळवारी आधी उजव्या पायाला आली."

ओसरीच्या टोकाला शिपाई कुलूप घेऊन येताना दिसला. मी त्याला हातानंच थांब म्हटलं.